मवाळांचं भांडण आणि आपला सवाल

(करकंब, ता. पंढरपूर इथं तरुणांसमोर केलेलं भाषण)



विषय ऐकून काही जण गालात हसले असतील. करकंबात बसून अमेरिकेचं राजकारण! इथं कालव्याला पाणी कधी सुटणार पत्ता नाही, ऊसाचं बिल हातात नाही, पोरगं बी.ए. होऊन घरी बसलंय, आणि हे आलेत ट्रम्पवर बोलायला. हसा. पण खरं सांगा, तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये अमेरिका नाही का? ग्रामसभेत काय ठरलं ते तुम्हाला आठ दिवसांनी कळतं. ट्रम्प काय बोलला ते पाच मिनिटांत कळतं. पानटपरीवर तट पडलेत. एक म्हणतो, ट्रम्पच पाहिजे, मर्द माणूस. दुसरा म्हणतो, डेमोक्रॅट बरे, निदान सभ्य बोलतात. दोघंही आपलेच. दोघांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो. आणि दोघं अशा तावातावानं भांडतात, जणू तिथल्या मतदारयादीत यांचं नाव आहे!

भांडणाला माझी ना नाही. भांडलंच पाहिजे. पण कुणाचा तरी पंखा होऊन भांडू नका. आपला सवाल हातात घेऊन भांडा. एवढंच सांगायला मी उभा आहे.

अमेरिका आपल्या घरात आज आलेली नाही. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. १८७३ साली जोतीबांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या भल्या लोकांना. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठाला लागून काळ्या माणसांची हार्लेम वस्ती. १९४६ साली त्याच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस या काळ्यांच्या विद्वान पुढाऱ्याला पत्र लिहिलं. काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज घेऊन गेलेत असं कळलं, त्याच्या प्रती मला पाठवा, आम्हीही त्या वाटेचा विचार करतोय, असं त्यात होतं. दु बॉईसचं उत्तरही आलं. १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, आणि १९७२ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून दलित पँथर. नाव तिथून घेतलं, राग इथला होता.

आता बघा, या सगळ्यांनी अमेरिकेतून काय उचललं? व्हाइट हाउस उचललं नाही. पक्षाचा झेंडा उचलला नाही. तिथल्या तळातल्या माणसाची लढाई उचलली. जोतीबांनी गोऱ्यांनाही मान दिला, पण कशाबद्दल? स्वतः झीज सोसून ते दुसऱ्याच्या मुक्तीसाठी उभे राहिले म्हणून. हे माप ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता मवाळांकडं येऊ. हा शब्द शाळेच्या इतिहासात तुम्ही पाठ केलाय. रानडे-गोखले मवाळ, टिळक जहाल. १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली. रानड्यांच्या सामाजिक परिषदेला त्याच मांडवात बसू द्यायचं की नाही, यावर रण पेटलं. मांडव जाळण्याची भाषा झाली. परिषद मांडवाबाहेर गेली. पुस्तकात हे मवाळ-जहालांचं भांडण म्हणून येतं. पण मांडवात बसायला न मिळालेले ते सुधारक तरी काय मागत होते? विधवाविवाह, बालविवाहबंदी. मागण्या चांगल्याच होत्या, पण बहुतेक सवर्ण घराच्या उंबऱ्याच्या आतल्या. जात मोडायचं त्यांच्या कागदावर नव्हतं. हे मी पदरचं सांगत नाही, बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात मांडलंय. आणि ते भाषण झालंच नाही! लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बोलावलं, मजकूर वाचला, घाबरलं आणि संमेलनच रद्द केलं. जातपात तोडक! नावातच जात तोडायचं होतं, पण तोडायची वेळ आली तेव्हा हात थरथरले. याला म्हणतात मवाळ.

अमेरिकेत असे मवाळ दोन्ही पक्षांत आहेत. सभ्य माणसं. शिवी देत नाहीत. कोर्टाचं, समितीचं, आकडेवारीचं बोलतात. वातावरण बिघडू नये असं त्यांना वाटतं. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. तिथून लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केलं की काळ्याच्या वाटेतला मोठा अडथळा हा उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा गोरा मवाळ आहे. त्याला न्यायापेक्षा शांतता प्यारी, आणि काळ्यानं आणखी थांबावं असं तो नेहमी सांगतो.

इथंच टाळ्या वाजवून आपण घरी जातो. मवाळ भडवे, सगळे सारखेच, झालं. पण पुढच्या वर्षी काय झालं ते बघा. १९६४ चा नागरी हक्क कायदा. २ जुलैला प्रतिनिधीगृहात शेवटचं मतदान झालं. डेमोक्रॅट १५३ बाजूनं, ९१ विरुद्ध. रिपब्लिकन १३६ बाजूनं, ३५ विरुद्ध. म्हणजे आज ज्या पक्षाला तुम्ही काळ्यांचा वैरी म्हणता, त्याच पक्षाची मतं प्रमाणात जास्त पडली. सेनेटमध्ये दक्षिणेकडच्या डेमोक्रॅटांनी साठेक दिवस भाषणं लांबवून कायदा अडवला होता. तो अडथळा मोडायला रिपब्लिकन नेते डर्कसन यांनी आपली माणसं आणून दिली. आणि त्याच वर्षी त्याच रिपब्लिकन पक्षानं अध्यक्षपदाला उभं कुणाला केलं? गोल्डवॉटरला. त्यानं या कायद्याविरुद्ध मत दिलेलं. तिथून पक्षाचा रंग पालटत गेला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पक्षाचा रंग पक्का नसतो, म्हणून कुठल्याच पक्षाचं गोंदण अंगावर करून घेऊ नका. आणि दुसरी, मवाळ हलतो, पण आपण होऊन हलत नाही. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले, आणि पोरं हटली नाहीत. ऑगस्टमध्ये अडीच लाख माणूस वॉशिंग्टनला चालून गेला. तेव्हा कुठं मवाळाचा हात मतपेटीकडं गेला. रस्ता तापला नाही तर मवाळ बोलत नाही. आणि रस्त्यावर कमावलेलं कायद्यात लिहून घ्यायचं तर मवाळाशी बसून बोलावंच लागतं. बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले आणि गोलमेज परिषदेतही गेले. दोन्ही तेच बाबासाहेब.

मग बसून बोलायचं तर कशावर बोलायचं? इथं अमेरिकेतल्या काळ्यांच्या बाजूच्या मवाळांनी एक मोठा घात करून घेतला. तो नीट ऐका, कारण तसाच घात इथं आपल्या दारात उभा आहे.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय कॉलेजात १०० जागा होत्या. त्यातल्या १६ मागास वंशांच्या मुलांसाठी राखून ठेवल्या होत्या. बाकी नावाचा गोरा उमेदवार कोर्टात गेला. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, राखीव जागा चालणार नाहीत. पण प्रवेश देताना वंश हा इतर गोष्टींतली एक गोष्ट म्हणून बघता येईल. कशासाठी? वर्गात विविधता यावी म्हणून. थर्गुड मार्शल हे त्या कोर्टातले काळे न्यायमूर्ती. त्यांनी वेगळं मत लिहिलं आणि शेकडो वर्षांच्या गुलामीचा हिशेब पुढं ठेवला. पण मवाळांना विविधता हा शब्द आवडला. गोड शब्द. कुणाला टोचत नाही. त्यात कुणी गुन्हेगार नाही, कुणाचं देणं नाही. काळा पोरगा वर्गात कशाला पाहिजे? तर त्याच्या हक्काचं आहे म्हणून नव्हे, गोऱ्या पोराला जग कळावं म्हणून! लग्नाच्या ताटात लोणचं वाढावं तसं.

पंचेचाळीस वर्षं या शब्दावर गाडा चालला. २९ जून २०२३ ला त्याच कोर्टानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात सांगितलं की ही विविधता मोजता येत नाही, तिला अंत नाही, बंद करा. घर वाळूवर बांधलं होतं, पडलं. गंमत अशी की त्याच निकालात लष्करी अकादम्यांचा प्रश्न मात्र बाजूला ठेवला. म्हणजे युद्धावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांत काळे किती, याची काळजी थोडा वेळ चालेल. डॉक्टर-वकिलांत नको.

आणि हार्वर्डचं ‘मेरिट’ काय ते त्याच खटल्यातल्या कागदांवरून बाहेर आलं. तिथं प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांतले ४३ टक्क्यांहून जास्त हे माजी विद्यार्थ्यांची पोरं, प्राध्यापक-नोकरवर्गाची पोरं, देणगीदारांच्या यादीतली, किंवा खेळाडू म्हणून घेतलेली. बापजाद्यांच्या नावावर जागा. याला आपल्याकडं वतन म्हणतात. वतनदारीवर कुणी गुणवत्ता बुडाली म्हणून बोंब मारत नाही.

या निकालात एक जुना शब्द परत आला. रंगांध संविधान. संविधानाला रंग दिसत नाही. हा शब्द १८९६ साली न्यायमूर्ती हार्लन यांनी वापरला होता, काळ्यांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसवणाऱ्या कायद्याविरुद्ध, एकट्यानं. तेव्हा तो काळ्यांच्या हातातला दगड होता. २०२३ मध्ये तोच दगड काळ्यांच्या डोक्यात घातला. शब्दांचं असं असतं, भावांनो. शब्द कुणाच्या हातात आहे ते आधी बघा.

इथं कुणी म्हणेल, न्यायमूर्ती थॉमस तर काळे, ते या निकालाच्या बाजूनं. खरंय. आणि विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जॅक्सन याही काळ्याच. म्हणजे मवाळांतली ही रेघ शोषितांच्या आतूनही जाते. आपल्याकडं नाही का गेली? १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायला राज्यांना मोकळीक दिली. सातांपैकी चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर शोधा असं मत दिलं. त्या चारांत अमरावतीच्या आंबेडकरी घरातले न्यायमूर्ती भूषण गवई होते. लगेच आपल्यात तट. एक म्हणतो हे आरक्षण मोडायचं कारस्थान. मातंग भाऊ म्हणतो, आम्हाला आजवर वाटा कुठं मिळाला ते सांगा. दोघांचंही ऐकायला पाहिजे. समोरच्याला दलाल म्हटलं की आपली सुटका होते, पण त्याचा सवाल तसाच राहतो. आपसातली चर्चा आपल्याला जमत नसेल तर अमेरिकेच्या चर्चेवर तोंड वाजवायचा काय अधिकार?

आता दुसरा घात. ‘काम झालं, आता गरज नाही.’ १९६५ च्या मताधिकार कायद्यानं दक्षिणेतल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तो पाया काढून घेतला. परिस्थिती सुधारली, असं कारण दिलं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग विरोधात लिहिताना म्हणाल्या, हे म्हणजे पावसात अंग भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखं आहे. छत्री आहे म्हणूनच तर भिजत नाही!

आपली छत्री म्हणजे ॲट्रॉसिटी कायदा. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं त्याची धार बोथट केली. खटला आपल्याच महाराष्ट्रातला. कारण तेच, गैरवापर होतो. सभ्य मवाळ संपादकांनी माना डोलावल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपले निर्देश मागं घेतले. अमेरिकेतल्या संसदेला गेलेली छत्री परत आणता आली नाही. आपण आणली. तेव्हा अमेरिकेकडं बघताना नेहमी मान वर करून बघायची गरज नाही. कधी त्यांनीही आपल्याकडं बघावं.

आता तिथल्या मराठी माणसांकडं जाऊ. १९६५ च्या आधी भारतातून दरसाल जेमतेम शंभर माणसांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वाव होता. १९६५ च्या नव्या कायद्यानं देशावरून माणूस तोलायची ती पद्धत मोडली. हा कायदा काळ्यांच्या चळवळीच्या लाटेवर आला. काळ्यानं लाठी खाल्ली, दार उघडलं, आणि त्या दारातून आपल्याकडचा डॉक्टर, इंजिनियर आत गेला. बहुतेक कोण, ते सांगायला नको. मंडळं झाली, गणपती बसले, दिवाळी अंक निघाले. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार झाले. घराघरांत राजकारणाचे दोन तट पडले, बाप ट्रम्पकडं, लेक डेमोक्रॅटांकडं. जेवणाच्या टेबलावर कर, व्हिसा, गर्भपात, बंदुका, सगळ्यावर वाद होतो. आणि जातीचा विषय निघाला की बाप-लेक दोघंही म्हणतात, इथं जातबीत काही नसतं.

नसतं? मग २१ फेब्रुवारी २०२३ ला सिॲटल शहरानं सहा विरुद्ध एक मतानं जातीवरून भेदभावाला बंदी का घातली? हा ठराव मांडणारी क्षमा सावंत पुण्यात जन्मलेली, मुंबईत वाढलेली, ब्राह्मण घरातली, आणि दोन्ही मोठ्या पक्षांच्या बाहेरची समाजवादी बाई. मग कॅलिफोर्नियाची पाळी आली. आयेशा वहाब या सेनेटरबाईंनी राज्याच्या कायद्यात जात हा शब्द घालायचं विधेयक आणलं. दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमतानं पास झालं. आपल्या लोकांनी सॅक्रामेंटोत उपोषण केलं. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी सही नाकारली. कारण दिलं, आहे त्या कायद्यात हे बसतंच, वेगळं नाव घ्यायची गरज नाही. न्यूसम म्हणजे ट्रम्पला शिंगावर घेणारा डेमोक्रॅट. विरोध करणाऱ्यांत रिपब्लिकन होते, आणि डेमोक्रॅटांना पैसा पुरवणारे भारतीयही होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं या एका सवालावर एका पंगतीला बसली.

त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. राम सुतारांनी घडवलेला. तिथल्या आपल्या लोकांनी उभारला. आनंदाची गोष्ट आहे. पण या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. पुतळा उभा राहतो, कायद्यातला शब्द राहत नाही. पुतळ्यानं मवाळाला काही द्यावं लागत नाही. शब्दानं द्यावं लागतं.

उलट, तोच न्यूसम २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खाजगी कॉलेजांतली बापजाद्यांच्या नावावरची जागावाटणी बंद करणाऱ्या कायद्यावर सही करतो. मग तो चांगला की वाईट? हा प्रश्नच चुकीचा. माणसाला गुण देत बसू नका. प्रत्येक सहीला जाब विचारा. १९४९ साली संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीला हुकूमशाहीची वाट म्हटलंय. ते ट्रम्पच्या भक्तालाही लागू, ओबामाच्या भक्तालाही, आणि आपल्या पुढाऱ्यांच्या भक्तालाही.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनं दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी १९६५ चा जॉन्सनचा आदेश पुसला. सरकारी कंत्राटदारांनी नोकऱ्या देताना काळ्यांना डावलू नये, त्यांना जागा मिळावी म्हणून पावलं उचलावीत, असा तो आदेश होता. साठ वर्षांचं काम एका सहीत. म्हणून ‘दोन्ही सारखेच’ हेही खोटं. सारखे नाहीत. एकाच्या सहीनं पोट जातं, दुसऱ्याच्या सहीनं फक्त नाव राहून जातं. फरक आहे, आणि भुकेल्या माणसाला तो कळतो.

मग चर्चा करायची कशी? मी तीन सवाल देतो. समोर कुणीही असो.

पहिला, ज्याच्याबद्दल बोलताय तो या बैठकीत आहे का? नसेल तर चर्चा थांबवा, आधी त्याला बोलवा.

दुसरा, तुम्ही हक्काची भाषा बोलताय की दयेची? आपल्या संविधानात आरक्षण हे वर्गाची शोभा वाढवायला आलेलं नाही. सत्तेत, नोकरीत, शिक्षणात वाटा म्हणून आलंय. २०१९ साली आर्थिक निकषाचं १० टक्के आरक्षण आलं, त्यात गरीब दलिताला जागा नाही, आणि २०२२ साली कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी ते उचलून धरलं. तेव्हापासून आपलीही पोरं ‘गरिबी बघा’ म्हणू लागलीत. गरिबी बघाच. पण प्रतिनिधित्वाची जमीन सोडून गरिबीच्या वाळूवर घर हलवू नका. अमेरिकेत वाळूचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत.

तिसरा, समोरचा स्वतः काय झीज सोसणार? जोतीबांचं माप. इथून जवळच पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी आहे. मेल्यावरही आत नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तिथं उपोषणाला बसले, दहा दिवस. देवळानं आपली भूक भागत नाही, हे आपल्याला तेव्हाही माहीत होतं. पण तो मऊ बोलणारा ब्राह्मण स्वतःचा जीव पणाला लावून आपल्याच लोकांसमोर बसला. असा मवाळ असेल तर त्याच्याशी जरूर बोला. नुसती सहानुभूती देणाऱ्याला म्हणा, सहानुभूती ठेवून घ्या, वाटा द्या.

राज्य सरकारची राजर्षी शाहूंच्या नावानं परदेश शिष्यवृत्ती आहे. दरसाल अनुसूचित जातींची ७५ मुलं बाहेर जातात. त्या यादीत करकंबचं नाव का नसावं? पोरी, तू अर्ज भर. न्यूयॉर्कला जा, नाहीतर सिॲटलला. तिथं आडनाव विचारतील. लपवू नकोस. दोन्ही पक्षांचे मवाळ तुला जेवायला बोलावतील. जा. जेव. आणि ताट उचलायच्या आधी ते तीन सवाल टेबलावर ठेव.

जयभीम.